मदत हवी आहे: बीपी नॉर्मल असताना तिसऱ्या महिन्यातच अ‍ॅस्पिरिन का? सासूबाईंना कसं समजावू?

संत्राबर्फी, नागपूर:

माझी धाकटी बहीण दुसऱ्यांदा गरोदर आहे, १३वा आठवडा चालू आहे. पहिल्या वेळी सातव्या महिन्यात बीपी एकदम चढलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं आणि घाईघाईने सिझेरियन करावं लागलं. भाची बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता घरभर पळते, पण ते दिवस आम्ही कुणी विसरलेलो नाही.

या वेळी एनटी स्कॅनसोबत (बाळाच्या मानेमागची जागा मोजणारी सोनोग्राफी) गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघणारी तपासणी, झाला. रिपोर्टमध्ये 'युटेराइन आर्टरी पीआय' वाढलेला आहे, बीपी मात्र नॉर्मल. डॉक्टरांनी रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन लिहून दिलं आणि १६व्या आठवड्याच्या आत सुरू कराच, असं बजावलं. गोळ्यांचं पाकीट अजून उघडलेलंही नाही. तिच्या सासूबाई म्हणतात, "रक्त पातळ कराची गोळी पोटुशी बाईले? काही झालं त मंग?" त्या वाईट नाहीत हो. मागच्या वेळी दवाखान्यात रात्ररात्र त्याच बसून होत्या. ही भीती आहे. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग आहे, शिक्षण फार नाही, पण एकदा पटलं की पक्कं पटतं.

या आठवड्यांत गर्भाशयाच्या नसांमध्ये असं काय होतं, की बीपी चढायच्या आधीच गोळी द्यावी लागते? नेटवर 'स्पायरल आर्टरी' वगैरे वाचलं, पण त्यांना सांगता येईल असं काही मिळालं नाही. पुढची अपॉइंटमेंट लांब आहे. कृपया मदत करा.

ट्यूटरबाई:

ताई, मी नर्सिंगच्या मुलींना प्रसूतिशास्त्र शिकवते. अपॉइंटमेंटची वाट बघू नका, गोळी सुरू झालेली नाही हे आजच डॉक्टरांना फोनवर कळवा. बहिणीला दमा, अल्सर किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा.

गर्भाशयाच्या अस्तरात शिरणाऱ्या बारीक धमन्या स्प्रिंगसारख्या वळलेल्या असतात, म्हणून त्यांना स्पायरल म्हणतात. त्यांच्या भिंतीत स्नायू असतो, त्यामुळे त्या आवळू शकतात. गर्भ रुजला की वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशी, म्हणजे ट्रोफोब्लास्ट, आईच्या अस्तरातून या धमन्यांमध्ये शिरतात, थेट गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या एक तृतीयांश भागापर्यंत. तिथे भिंतीतला स्नायू आणि लवचीक तंतू नाहीसे होतात. धमनी सैल पडते, आईचं शरीर तिला आवळू शकत नाही, आणि तिचं तोंड ५ ते १० पट रुंद होतं. सुरुवातीला याच पेशी धमन्यांची तोंडं बुजवून ठेवतात. १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास ती मोकळी होतात आणि आईचं रक्त वारेत नीट वाहू लागतं. नसा बदलण्याचं काम साधारण २० आठवड्यांपर्यंत चालतं. एरवी गर्भाशयाला मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त जातं, दिवस भरताना ५०० ते ७५० मिलिलिटर.

सासूबाईंना त्यांच्या बागेतलंच सांगा. आळ्यात पाणी सोडताना पाइपाचं तोंड दाबलं तर धार जोरात सुटते आणि मुळाजवळची माती उघडी पडते. तोंड मोकळं असलं की पाणी संथ पसरतं, सगळ्या मुळांना पोचतं.

नसा अर्धवट रुंदावल्या तर वारेवर जोराची, कमीजास्त होणारी धार येते. वारेला इजा होते आणि ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. मग बीपी चढतं, किडनीवर ताण येतो. यालाच प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. हे दिसतं सहाव्या-सातव्या महिन्यात, पण मूळ आत्ताच्या आठवड्यांत असतं. पीआय वाढला म्हणजे पुढे रक्ताला अडथळा जास्त आहे. त्यावरून आजार होणारच असं नाही, पण बहिणीचा मागचा अनुभव पाहता डॉक्टरांचा निर्णय मला योग्य वाटतो.

२०१७ साली 'अस्प्रे' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात जोखीम जास्त असलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत हाच १५० मिलिग्रॅमचा डोस रात्री दिला होता. ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागेल असा प्रीएक्लॅम्प्सिया गोळी घेणाऱ्यांत १.६ टक्के बायकांना झाला, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांत ४.३ टक्के. गोळीमुळे बाळांना होणारे त्रास वाढल्याचं दिसलं नाही. तरी ही हमी नाही, आणि कुणी आपल्या मनाने घ्यायची गोळीही नाही.

वर्धेकर:

आमच्याकडेही हाच वाद झाला होता. पुढच्या वेळी सासूबाईंनाच डॉक्टरांसमोर बसवा. आमच्या आईने स्वतः प्रश्न विचारले आणि नंतर रोज रात्री गोळीची आठवण तीच करून द्यायची.

संत्राबर्फी, नागपूर:

फोन झाला. गोळी आज रात्रीपासूनच सुरू करा म्हणाल्या, आणि सासूबाईंना घेऊन शनिवारी बोलावलंय. आळ्याचं सांगितलं तेव्हा त्या गप्प बसून ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "मंग आधी काऊन नाही सांगितलं?" ट्यूटरबाई, मनापासून आभार. घरी बीपीचं मशीन घेऊ का?

ट्यूटरबाई:

घ्या, दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून मोजायचं आणि वहीत लिहायचं. १४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० आलं, किंवा डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तर रात्र असली तरी सरळ दवाखाना गाठा. मागचा डिस्चार्ज पेपर आणि हा डॉपलर रिपोर्ट एकाच फाइलीत ठेवा, शनिवारी सोबत न्या.