फूटपाथवर राहणाऱ्यांची मानसिक आजाराची औषधं टिकत नाहीत, काय करावं?

रात्रफेरी: पुलाखाली राहणाऱ्या दोघांना सरकारी ओपीडीत केसपेपर काढून औषधं सुरू करून दिली. आठवड्यात गोळ्या बंद. कारण विचारलं तर ‘झोप येते’ एवढंच. झोप लागली तर बरंच ना? शिवाय एक बाई दिवसभर एकटीच बोलत फिरते, ओपीडीला यायला तयार नाही. पोलिसांना कळवावं का?

समाजसेवा_कक्ष: अडचण त्या झोपेचीच आहे. रस्त्यावर गाढ झोप लागली की पिशवी जाते, पैसे जातात, बायकांना तर त्याहून मोठी भीती. दुकानं उघडायच्या आत जागा सोडावी लागते, आणि रात्री ओलान्झापिन (गुंगी आणणारं मानसिक आजाराचं औषध) घेतलेल्या माणसाचं डोकं तेव्हा जड असतं. मजूर अड्ड्यावर उशीर झाला की दिवसाचं काम गेलं. त्यामुळे गोळी टाकून देण्यात त्यांचा हिशेब चुकत नाही. डॉक्टरांना ‘पेशंट उघड्यावर झोपतो, पहाटे उठावं लागतं’ असं सांगून केसपेपरवर लिहून घ्या. कमी गुंगीचं औषध किंवा दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन (फ्लूफेनाझिन, हॅलोपेरिडॉल) चालेल का, ते विचारा. आधी तेच औषध तोंडाने देऊन सोसतं का बघतात, म्हणून एका फेरीत काम होणार नाही. इंजेक्शननंतर मान वाकडी झाली, जबडा आखडला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यावर उपाय आहे, पण त्या धास्तीने माणूस पुन्हा फिरकत नाही.

परिचारिका_ओपीडी: दोघांपैकी कोणी लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) आहे का, ते आधी बघा. संडासला दर वेळी पैसे पडतात, रात्री तो बंदही असतो, म्हणून माणसं पाणीच कमी पितात. बायका तर अंधार पडल्यावर घोटही घेत नाहीत. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साचतं. हात जास्त थरथरतात, जुलाब होतात, झोकांड्या जातात, जीभ जड होते. बघणारे म्हणतात दारू प्यायलाय, आणि पुढे जातात. अशा वेळी पुढची गोळी थांबवून थेट अपघात विभागात न्या आणि लिथियम चालू असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. अंगदुखीवर आयबुप्रोफेनही देऊ नका, त्यानेही पातळी चढते.

कलम_१००: बाईंबद्दल. नुसतं एकटं बोलणं पोलिसांत जाण्याइतकं कारण नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 100 मध्ये, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेता येत नाही किंवा स्वतःला वा इतरांना धोका आहे असं दिसलं, तर पोलिसांनी त्या व्यक्तीला संरक्षणात घ्यायचं असतं. 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. वेळ आलीच तर महिला पोलीस मागा. उपचारांसाठी पिवळं रेशनकार्ड लागत नाही. कलम 18 प्रमाणे बेघरांना सरकारी संस्थेत ते मोफतच आहेत.

समाजसेवा_कक्ष: त्याआधी रोज ठरल्या वेळी तुमच्यातल्या एकाच बाईने त्यांना भेटावं. चेहरे बदलत राहिले की संशय वाढतो. डोक्याचा विषय काढू नका. पायाची जखम, खरूज, उवा यांचं विचारा. मलमपट्टीला त्या आल्या तर मनाच्या डॉक्टरांना तिथेच बोलावता येतं. अडलं तर टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर, रात्रीही चालू असतो.