पॅरिश कौन्सिलने सणाचा मांडव बघायचा की हिशोब?

वाडीकर (वसई)
आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये, लोकांची नवी समिती, म्हणजे पॅरिश कौन्सिल, आली. पहिली सभा जवळजवळ सगळी सणाचा मांडव आणि बँड यांवर गेली. गळक्या छपराचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला. मे संपत आलाय!

१९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कलम ५३६ सांगतं की पॅरिश कौन्सिल बिशपना योग्य वाटली तरच नेमायची. अर्थसमिती मात्र कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. म्हणजे प्रापंचिकांनी, आपण साध्या श्रद्धावंतांनी, बाकी काही करो न करो, पैशाकडे लक्ष द्यावं, असं चर्चच सांगतंय. आणि आपण नेमकं तेच ‘फादर बघतील’ म्हणून सोडून देतो. हरित वसईच्या पर्यावरण चळवळीत फादर दिब्रिटोंच्या मागे पाण्याच्या टँकरवाल्यांविरुद्ध उभी राहिलेली माणसं आपण, पण चर्चची वही उघडा म्हणायला जीभ रेटत नाही. छपरासाठी जमवलेले पैसे कुठे आहेत विचारलं, तर ‘तुझा विश्वास नाही का?’

जुना मेंबर
अर्धंच वाचलंस. त्याच ५३६ मध्ये लिहिलंय की कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं. ५३२ प्रमाणे कायद्याच्या कामात धर्मग्रामाच्या वतीने उभे राहतात ते फादर. निस्तरायचं त्यांनी आणि हुकूम सोडायचे तुम्ही? शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ट्रस्टचं ऑडिट होतं. अजून काय हवं?

मी कौन्सिलवर होतो तेव्हा सगळ्यात मोठ्याने हिशोब मागणारे वही घेऊन बसायच्या दिवशी हमखास एखाद्या लग्नाला गेलेले असायचे.

वाडीकर
ऑडिटर पावती आहे का बघतो. छपराआधी साउंड सिस्टीम का घेतली, हे तो विचारणार नाही. ते कौन्सिलनेच विचारायचं. सल्ला मानणं फादरांवर बंधनकारक नसेल, पण सल्ला द्यायलाही कोणी तोंड उघडत नाही, त्याचं काय?

वेंगुर्लेकर
मी सीएनआयचा, म्हणजे प्रोटेस्टंट चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, तरी बोलतो. आमची कमिटी निवडून येते, पाळक (तुमच्या फादरांसारखे) अध्यक्ष. तुम्हाला हवा तो अधिकार आमच्याकडे आहे. म्हणून सुखी आहोत असं समजू नका! निवडणूक आली की मंडळीत दोन पॅनेल, मतदानाला मुंबईहून चाकरमानी गाड्या करून येतात, आणि मग पुढची निवडणूक येईपर्यंत उपासनेलाही कमिटीतले दोन गट दोन बाजूंना. एकदा पाळक दुसऱ्या गटाच्या घरी जेवले म्हणून त्यांच्या घराची दुरुस्ती अडवून धरली होती. १९७० मध्ये वेगवेगळी चर्चेस एक होऊन सीएनआय झालं, त्यानंतर चर्चच्या मालमत्ता कोणाच्या, यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली प्रकरणं आहेत. तुमचे फादर निदान बदलून तरी जातात. आमचे कमिटीतले पंच कुठे जाणार?

जुना मेंबर
घ्या!

मधली सून
तुम्ही सगळे पुरुष छप्पर आणि कोर्ट यांच्याबाहेर याल का? आमच्या वाडीत कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाची फी थकलीय, कोणाचा नवरा दारूत बुडालाय, हे घरोघरी फिरणाऱ्या बायकांना ठाऊक असतं. त्यातली किती नावं कौन्सिलवर आहेत? बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ काढा. रोजच्या वाटपात विधवांना डावललं जातंय अशी तक्रार आली, म्हणून सात जण नेमले. भांडण कोणाच्या ताटात काय पडतं यावरून होतं.

वाडीकर
वाटप म्हणजेही हिशोबच की.

मधली सून
हो, पण तो वहीत मावत नाही. छपराचं कोटेशन कोणीही आणेल. चार महिने मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, न आलेल्या घरात जाऊन बसायला कौन्सिलमधलं कोण तयार आहे? बिल्डरला जमीन विकलेल्यांच्या घरी जाताना मात्र अख्खी कौन्सिल असते, देणगी मिळते ना.

जुना मेंबर
बाई, हे झोंबलं, पण खरं आहे. मात्र त्याच अध्यायात बघा, सात जण निवडले लोकांनी आणि हात ठेवून त्यांना नेमलं प्रेषितांनी. दोन्ही लागतं. आणि वाडीकर, छपराच्या पैशाचं तुझं मला मान्य आहे. कलम १२६७ प्रमाणे ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते वापरायचं, साउंड सिस्टीमला नाही. हे रीतसर सभेत मांड, मिस्सा सुटल्यावर फाटकापाशी उभं राहून नको.

वाडीकर
मांडतो. सेक्रेटरीला फोन केला होता. तो म्हणाला, विषयपत्रिकेत घ्यायचं तर आधी फादरांना विचार. आणि फादर म्हणतात, सण होऊन जाऊ दे.