मदत हवी आहे: एलईडी सिग्नल बंद असतानाही मंद उजळतो

चौकातल्या वाहतूक सिग्नलच्या जुन्या कंट्रोलरवर १०० वॅटच्या बल्बऐवजी १० वॅटचे एलईडी मॉड्यूल लावले आहेत. हिरवा बंद असतानाही मिणमिणतो, आणि कॉन्फ्लिक्ट मॉनिटर (परस्परविरोधी दिवे एकाच वेळी लागले तर पकडणारं सुरक्षा उपकरण) तो चालू समजून सगळा चौक पिवळ्या फ्लॅशवर टाकतो. दोष सॉलिड स्टेट रिलेच्या (दिवा चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) गळतीचा: स्नबरचा (रिलेला व्होल्टेजच्या झटक्यांपासून वाचवणाऱ्या सर्किटचा) ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर २३० व्होल्टवर ७ मिलिअँपिअर सोडतो. फिलामेंट ती सहज पचवायची, एलईडीचा ड्रायव्हर पचवत नाही.

दिव्याला समांतर ४.७ किलोओमचा रेझिस्टर लावला तर व्होल्टेज ३३ च्या आसपास उतरतो, पण दिवा चालू असताना तोच ११ वॅट खातो. मग बचत कसली! त्याऐवजी १ मायक्रोफॅरड एक्स२ (थेट मेन्सवर लावण्याच्या सुरक्षा-वर्गाचा) कपॅसिटर, सिरीजमध्ये १०० ओम, असं कायमस्वरूपी कोणी वापरलंय का? रिले झिरो-क्रॉसिंगचे (व्होल्टेज शून्यावर असतानाच चालू होणारे) नाहीत. प्रत्येक वेळी ३ अँपिअरचा झटका बसणार. रेझिस्टर वायरवाउंडच घ्यावा का, किती वॅटचा?