एलएसयू बेसबॉल २०२६: ट्रॉफी परत बॅटन रूजलाच राहणार का?

बॅटनरूजकर:
राम राम मंडळी. फेब्रुवारीच्या मध्याला कॉलेज बेसबॉल चालू होतंय आणि इथे ऑफिसात, न्हाव्याकडे, देशी दुकानाच्या रांगेत सगळीकडे एकच विषय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे एलएसयू, जून २०२५ मध्ये ओमाहाला (कॉलेजचा शेवटचा टप्पा, वर्ल्ड सिरीज, तिथेच होतो) कोस्टल कॅरोलायनाला फायनलमध्ये सलग दोन मॅच हरवून (१-० आणि ५-३) आठव्यांदा चॅम्पियन. कोच जे जॉन्सनची तीन वर्षांतली दुसरी ट्रॉफी. माझं मत स्पष्ट आहे, यंदा पण आपणच. डेरेक क्युरिएल परत आलाय, शॉर्टस्टॉपला स्टीव्हन मिलम आहे, जेक ब्राउन आहे, आणि केसन इव्हान्स फ्रेशमन (पहिल्या वर्षाला) असताना बुलपेनमधून (राखीव पिचर म्हणून) येऊन ज्या थंड डोक्याने टाकत होता तो आता स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) होणार. गेल्या वर्षी मी स्टेडियमच्या बाहेर जांबालयाची प्लेट हातात घेऊन लोकांना विचारत फिरत होतो की हा पोरगा कोण. आता विचारावं लागणार नाही.

कोथरूड_ते_ह्यूस्टन:
भाऊ, उत्साह समजू शकतो पण घोडं जिथे पेंड खातंय तिथे तुम्ही बघतच नाही आहात. केड अँडरसन गेला. फायनलच्या पहिल्या मॅचला पूर्ण नऊ इनिंग एकट्याने टाकून १-० जिंकून दिलेला माणूस, सीझनमध्ये १८० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद), आता सिअ‍ॅटलने ड्राफ्टमध्ये (प्रो टीम नवी पोरं क्रमाने निवडतात तो) तिसऱ्या नंबरवर उचलला. दुसरा स्टार्टर अँथनी आयॅन्सन, तो पण गेला. जॅरेड जोन्सची बॅट गेली. म्हणजे घराचे दोन खांब आणि तुळई काढलीत आणि म्हणताय छप्पर मजबूत आहे.
आणि जरा इतिहास बघा की. मिसिसिपी स्टेट २०२१ ला जिंकली, पुढच्या वर्षी टूर्नामेंटमध्येच नाही. ओल मिस २०२२ ला जिंकली, पुढच्या वर्षी कॉन्फरन्समध्ये (आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) ३० पैकी २४ हरली. खुद्द तुमची एलएसयू २०२३ ला जिंकली आणि २०२४ ला रीजनलमध्येच (टूर्नामेंटची पहिली फेरी) नॉर्थ कॅरोलायनाकडून दहाव्या इनिंगला गारद. सलग दोनदा जिंकलेली शेवटची टीम साउथ कॅरोलायना, २०१० आणि २०११. मधे किती पाणी वाहून गेलं बघा.

बॅटनरूजकर:
२०२४ ची तुलनाच चुकीची आहे. तेव्हा पॉल स्कीन्स आणि डिलन क्रूज एकाच ड्राफ्टमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या नंबरवर गेले होते, एकाच कॉलेजचे पहिले दोन असं त्याआधी कधी झालंच नव्हतं, त्यातून कोण सावरणार लगेच? आणि तरी रीजनलच्या शेवटच्या मॅचला एका रनाने हरलो. आयॅन्सन गेला म्हणून रडताय पण तो आला कुठून होता? ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलायची सोय), सॅन डिएगोवरून. त्याच्या आदल्या वर्षी इथे त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. स्कीन्स पण एअर फोर्स अकॅडमीतून आलेला. जॉन्सनला माणसं हेरता येतात हो. यंदा कॅन्ससहून कूपर मूर आणलाय, शिवाय विल्यम श्मिट इथलाच, बॅटन रूजचा पोरगा, दुसऱ्या वर्षाला आलाय.

नवखा_नागपूरचा:
मी क्रिकेटवाला, मॅडिसनला एमएस करतोय, रूममेटमुळे हे बघायला लागलो. एक प्रश्न, एका पिचरवर एवढं का अडलंय? आमच्याकडे एक बॉलर गेला तर दुसरा टाकतो.

कोथरूड_ते_ह्यूस्टन:
@नवखा_नागपूरचा, चांगला प्रश्न. कॉलेजात कॉन्फरन्सच्या मॅचेस वीकेंडला असतात, शुक्र-शनि-रवि तीन, त्याच टीमशी, आणि असे दहा वीकेंड म्हणजे ३० मॅच. स्टार्टर एकदा शंभरेक पिच टाकून बसला की पुढच्या वीकेंडपर्यंत सुट्टी. म्हणून तीन चांगले स्टार्टर लागतात आणि शुक्रवारवाला हा हुकमी एक्का. आता रीजनल, चार टीम, दोनदा हरलात की घरी. पहिलीच मॅच हरलात तर सोमवारपर्यंत अजून चार जिंकाव्या लागतात आणि तोवर बुलपेन पार पिळून निघालेलं असतं, मग कोपऱ्यात बसलेल्या चौदाव्या पिचरला बोलवायची वेळ येते. तिथे सीझन संपतो.

नवखा_नागपूरचा:
अच्छा म्हणजे पाच दिवसांची टेस्ट, पण बुमराला फक्त शुक्रवारीच बोलिंग. समजलं. आणि सलग जिंकण्याचं म्हणाल तर आपल्या मुंबईने रणजी सलग पंधरा वेळा मारलीय, १९७३ पर्यंत 😄

कोथरूड_ते_ह्यूस्टन:
मुंबईची पोरं दर तीन वर्षांनी ड्राफ्टमध्ये जात नव्हती रे बाबा.

मुग्धा_ऑस्टिन:
दोघांनाही थोडं गार करते. मी टेक्सासवाली. गेल्या वर्षी आम्ही एसईसीत (एलएसयूचीच कॉन्फरन्स) पहिल्याच सीझनला पहिले आलो, टूर्नामेंटला दोन नंबरचं सीड, आणि स्वतःच्या गावात, स्वतःच्या मैदानावर यूटीएसएकडून हरलो. यूटीएसए म्हणजे सॅन अँटोनियो, गाडीने दीड तास. एक नंबरचं सीड व्हँडरबिल्ट, ते पण घरच्या रीजनलमधून बाहेर. आधीच्या दिवशी माझा नवरा फ्रीजमध्ये केक आणून ठेवून बसलेला. सोमवारी तो आम्ही गपचूप नाश्त्याला खाल्ला. त्यामुळे जानेवारीत कोण जिंकणार हे सांगणाऱ्यांचं मला भारी कौतुक वाटतं.
बाय द वे, कोथरूडकर, एक पिचर म्हणजे सगळं हे पण पटत नाही. आपला कुमार रॉकर (आई भारतीय वंशाची, म्हणून आपला) २०१९ ला सुपर रीजनलमध्ये (रीजनलनंतरची फेरी) ड्यूकविरुद्ध नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट नाही), १९ स्ट्राइकआउट. त्या वर्षी त्याची टीम व्हँडी (व्हँडरबिल्ट) जिंकली, बरोबर. पण २०२१ ला रॉकर होता, जोडीला जॅक लायटर होता, दोन दोन एक्के हातात आणि फायनलला मिसिसिपी स्टेटकडून हरले.

कोथरूड_ते_ह्यूस्टन:
हरले पण फायनलला हरले ना ताई! माझा मुद्दाच तो आहे. एक्के असले की निदान ओमाहा दिसतं.
आणि एलएसयूचं ओमाहा पण जरा आठवा. आर्कान्सॉविरुद्ध नववी इनिंग, ३-५ मागे, दोन आउट. लेफ्ट फील्डकडे सरळ लाइन ड्राइव्ह, फील्डर घसरला, बॉल अंगावरून पलीकडे, दोन रन, बरोबरी, मग जोन्सचा फटका आणि ६-५. तो फील्डर घसरला नसता तर बहुतेक अजून एक मॅच खेळावी लागली असती आणि अँडरसनला फायनलसाठी राखून ठेवता आलं असतं का ते देव जाणे. आठवी ट्रॉफी निसरड्या गवतावर उभी आहे असं माझं मत, शिव्या द्या.

बॅटनरूजकर:
निसरड्या गवताचं दोन्ही टीमना सारखंच होतं 🙏 आणि दोन आउट असताना बॉलला बॅट लागावी लागते, ती फुकट लागत नाही. नशिबाने एक मॅच जिंकता येते, सीझनला ५३ नाही.
अजून एक कुणी बोललंच नाही. नवीन नियमाने टीममध्ये ३४ च प्लेयर, पण पूर्वीची ११.७ स्कॉलरशिपची मर्यादा गेली, आता चौतिसांनाही देता येते. ज्याच्याकडे पैसा आणि प्रेक्षक त्याला फायदा, आणि अ‍ॅलेक्स बॉक्सला (आपलं स्टेडियम) मंगळवारच्या फालतू मॅचला पण गर्दी असते.

मुग्धा_ऑस्टिन:
तो फायदा आम्हाला पण, आर्कान्सॉला पण. आणि ३४ च म्हणजे दोन पिचरचे खांदे गेले की चौदावा सोडा, बारावा पण मिळायचा नाही. पश्चिमेला यूसीएलए बघा, रॉक चोलोव्स्की शॉर्टस्टॉपला, जूनपर्यंत कुणी त्याचं नाव विसरू देणार नाही.

बॅटनरूजकर:
यूसीएलएला गेल्या वर्षी ओमाहात ९-५ ने हरवलंय.

मुग्धा_ऑस्टिन:
गेल्या वर्षी 🙂

कोथरूड_ते_ह्यूस्टन:
ठीक आहे, इव्हान्स चांगला आहे, मान्य. पण बुलपेनमधून येऊन दोन-तीन इनिंग जीव तोडून टाकणं वेगळं आणि शुक्रवारी तीच बॅटिंग ऑर्डर तिसऱ्यांदा समोर आल्यावर टाकणं वेगळं. बॅटनरूजकर, तुम्ही पहिल्या वीकेंडला जाताय ना, उजव्या फील्डमागच्या त्या इंटिमिडेटर फलकाचे (एलएसयूच्या ट्रॉफींची वर्षं लिहिलेला) फोटो नंतर टाका. मला एवढंच सांगा की सत्तराव्या पिचनंतर त्याचा फास्टबॉल किती स्पीडने पडतोय, स्कोअरबोर्डवर दिसतं ते.

बॅटनरूजकर:
सांगतो. वही घेऊन बसतो, बायको हसली तरी चालेल.