मदत हवी आहे: खर्चावर कर लावायचा तर सोनं बचत की खर्च?

जळगावात कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत 'उत्पन्नाऐवजी खर्चावर कर हवा' या बाजूने बोलायचंय. जीएसटीबद्दल विचारत नाहीये. वर्षाच्या मिळकतीतून बचत वजा करून उरलेल्या खर्चावर चढत्या दराने बसणारा कर म्हणतोय. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी भारतासाठी १९५६ साली सुचवलेला, १९५७ च्या खर्च-कर कायद्याने आलेला, १९६२ ला बंद, १९६४ ला परत, १९६६ ला कायमचा गेला तो. (१९८७ चा हॉटेलांवरचा खर्च-कर वेगळा.)

कर्ज काढलं की मिळकतीत धरायचं, फेडलं की वजा, हे समजलं. रावेरच्या केळीवाल्याचा ट्रॅक्टर म्हणजे गुंतवणूक, तेही पटलं. गाडी अडलीय सोन्यावर. आपल्याकडे केळीचे पैसे आले की पावलं सराफाकडे वळतात. अडीनडीला मोडता येतं म्हणून बचत म्हणावं, तर श्रीमंतांना आयती पळवाट. खर्च म्हणावं, तर मुलीच्या लग्नाच्या वर्षी साधा माणूसही वरच्या दरात जाईल. समोरचा पक्ष नेमकं इथेच पकडणार! 'सोन्यावर ३ टक्के जीएसटी आहेच की' हे उत्तर चालणार नाही, तो कर चढत्या दराचा नाही.

तर १९५७ च्या कायद्यात दागिन्यांची खरेदी करपात्र खर्चात धरायचे की तिला सूट होती? आणि ती कोणत्या कलमात?