रेडिओग्राफीची असोसिएट पदवी: खर्च आणि परतावा

प्रश्न: अमेरिकेत रेडिओग्राफीच्या (एक्स-रे काढण्याच्या तंत्राच्या) दोन वर्षांच्या असोसिएट पदवीसाठी कम्युनिटी कॉलेज (कमी शुल्काचे स्थानिक सरकारी महाविद्यालय) आणि महागडे खासगी महाविद्यालय यांतून निवड करताना शुल्काखेरीज काय पाहावे?

उत्तर १: बुडणारा पगार. रुग्णालयातील प्रशिक्षण बहुधा बिनपगारी आणि दिवसा असल्याने त्या काळात पूर्णवेळ नोकरी टिकवणे फार कठीण जाते. पेल ग्रांट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी अमेरिकी सरकारची आर्थिक मदत) सहसा फेडावी लागत नाही, म्हणून कर्जाआधी तिचा अर्ज कराच.

उत्तर २: एआरआरटी या रेडिओग्राफरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या परीक्षेसाठी २०१५ पासून किमान असोसिएट पदवी लागते आणि अभ्यासक्रमही त्या संस्थेला मान्य असावा लागतो. मान्यता नसेल, तर कमी शुल्कही वाया जाते.

उत्तर ३: कम्युनिटी कॉलेजात जागा मोजक्याच असतात, तरीही मोठे कर्ज टाळण्यासाठी तिथल्या प्रवेशाकरिता वर्षभर थांबणे मला योग्य वाटते, मात्र त्या वर्षाचा हुकलेला पगारही हिशेबात धरावा.