मदत हवी आहे: अल्झायमर, आतड्यातले जिवाणू आणि प्रोबायोटिक

सायली_क:
रुग्ण: आई, वय ७४, अल्झायमरची सुरुवातीची अवस्था. डोनेपेझिल १० मिग्रॅ चालू. लघवीची घाई होते म्हणून दोन महिन्यांपासून ऑक्सिब्युटिनिन. तेव्हापासून चार-चार दिवस पोट साफ होत नाही आणि संध्याकाळचा गोंधळ वाढलाय. आतड्यातल्या जिवाणूंचा या आजाराशी संबंध आहे असं वाचून एका लॅबची जिवाणू मोजणारी स्टूल टेस्ट आणि सोबतच्या प्रोबायोटिक कॅप्सूल घ्यायचा विचार आहे. उपयोग होईल का? की घरचं ताक पुरेल?

निवडुंग:
सायलीताई, जिवाणूंच्या आधी औषधांकडे बघा. डोनेपेझिल मेंदूला लागणारं संदेशवाहक रसायन अ‍ॅसिटाइलकोलीन टिकवून धरतं आणि ऑक्सिब्युटिनिन नेमकं त्याचंच काम अडवतं. ब्रेक दाबून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यासारखं आहे हे. शिवाय लघवीची घाई हा डोनेपेझिलचाच दुष्परिणाम असू शकतो. त्यावर दुसरी गोळी आली, तिने आतडी मंदावली, गोंधळ वाढला, आणि तो आजाराच्या खात्यावर जमा झाला. ही साखळी फार वेळा दिसते.

मनाने काहीही बंद करू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: घाई डोनेपेझिलचा डोस ५ चा १० केल्यावर सुरू झाली का? लघवीत जंतुसंसर्ग आहे का? रक्तदाब आटोक्यात असेल तर ऑक्सिब्युटिनिनऐवजी मिराबेग्रॉन (लघवीच्या घाईवरचंच, पण वेगळ्या मार्गाने काम करणारं औषध) चालेल का? सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्याही दाखवा, त्यांतल्या काहींतही ऑक्सिब्युटिनिनचाच हा गुण लपलेला असतो.

मृगजीव:
संशोधनाबद्दल. संबंध खरा आहे, पण टेस्ट विकण्याइतका पक्का नाही. विस्कॉन्सिनमध्ये २०१७ साली २५ रुग्ण आणि २५ निरोगी व्यक्तींची तुलना झाली. रुग्णांमध्ये जिवाणूंची विविधता आणि बायफिडोबॅक्टेरियम कमी होते. मात्र रुग्णाचा आहार बदलतो, हालचाल कमी होते, पोट तुंबतं, आणि या सगळ्यानेही जिवाणू बदलतात. आधी काय, हे अशा तुलनेतून कळत नाही. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गटाने २०२३ मध्ये रुग्णांचे जिवाणू उंदरांच्या आतड्यात सोडले आणि त्या उंदरांची स्मरणशक्ती खालावली. याला वजन आहे, पण तो उंदीर आहे.

ब्युटिरेटच्या (आतड्यातले जिवाणू बनवतात त्या एका मेदाम्लाच्या) गोळ्यांपासून तर सावधच राहा. सेंट लुईसमधल्या २०२३ च्या प्रयोगात जिवाणूविरहित उंदरांना ब्युटिरेट ज्यात मोडतं ती लघुशृंखला मेदाम्लं दिल्यावर टाऊ या अल्झायमरशी जोडलेल्या प्रथिनाची विकृती वाढली. ‘चांगलं’ म्हणून जे विकलं जातं ते दर वेळी चांगलंच असतं असं नाही.

स्टूल टेस्टच्या रिपोर्टवरून उपचार ठरवायला आज कुठलाही मान्य निकष नाही. ते पैसे बी-१२, थायरॉईड आणि सोडियमच्या रक्ततपासणीवर खर्च करा. शाकाहारी असतील किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर बी-१२ आधी.

प्रोबायोटिकचं म्हणाल तर इराणमध्ये २०१६ साली ६० रुग्णांवर १२ आठवडे, रोज २०० मिली प्रोबायोटिक दूध देऊन चाचणी झाली, स्मृतिचाचणीचे गुण सुधारले. २०१८ मध्ये तिथेच, बहुतांश तीव्र आजार असलेल्या ४८ जणांवर कॅप्सूल देऊन पाहिल्या. फरक पडला नाही. औषधाच्या जागी ठेवावं असं यात काही नाही.

ताक बिनधास्त द्या, दुपारच्या जेवणाबरोबर एक वाटी. फक्त कढी केली की उकळीत जिवाणू मरतात, चव राहते.

सायली_क:
धन्यवाद! डॉक्टरांची वेळ परवाची आहे. आज सकाळपासून मात्र पाण्यासारखं थोडं थोडं होतंय. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड देऊ का?

निवडुंग:
अजिबात नको! चार दिवस तुंबल्यावर पाण्यासारखं झालं तर ते बहुतेक वेळा आत अडकलेल्या कडक मळाच्या कडेने झिरपलेलं असतं. लोपेरामाइडने आतडं आणखी थांबेल. डोनेपेझिलनेही जुलाब होतात, म्हणून अंदाज न करता आजच पोट आणि गुदद्वार तपासून घ्या. परवापर्यंत थांबू नका. तोवर इसबगोलही देऊ नका, मळ अडकलेला असताना तो वर फुगून बसतो. तपासणीनंतर डॉक्टर ‘चालेल’ म्हणाले तर एक चमचा, भरलेल्या पेल्याभर पाण्यात, बसवून, लगेच प्यायला द्या. पाणी पिताना ठसका लागत असेल तर इसबगोल नकोच, घशात अडकतो. पोट फुगलं, उलटी झाली किंवा रक्त दिसलं तर थेट इमर्जन्सी गाठा.